तेहतिसावा अनारसा

केसरबाईंचा फिरकीचा तांब्या वडनेर भोलजीत सगळ्यांना ठाऊक होता. पितळी, बुडाला पोचा आलेला. बाजाराला, लग्नकार्याला तो कधी बाहेर पडायचा नाही. तो निघायचा फक्त एका गावाला जाताना, आणि ते गाव म्हणजे अमडापूर, केसरबाईंचं माहेर. ज्या घरातल्या रांजणात डोकं घालून लहानपणी पाणी प्यायलं, त्याच घरी ही बाई सत्तावीस वर्षं आपलं पाणी आपण घेऊन जात होती. तिथे जेवण नाही, चहा नाही. ओसरीवर बसायचं, भावाशी चार गोष्टी बोलायच्या, फिरकी उघडून दोन घोट घ्यायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत फिरायचं.

हे सगळं झालं एका अनारशापायी. आणि तो अनारसा कोणी खाल्ला, हे जगात एकट्या केसरबाईंनाच माहीत होतं. कारण तो त्यांनीच खाल्ला होता.

धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक महिना, तीन वर्षांतून एकदा येतो. त्या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलावून जेवू घालायचं आणि जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, अशी आपल्याकडची रीत. केसरबाईंचे वडील तेव्हा हयात नव्हते, म्हणून भावानं, रामरावांनी, बहीण-मेव्हण्याला बोलावलं. रामरावांच्या बायकोनं, शालूबाईंनी, तीन दिवस तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून अनारसे केले. जाळी अशी पडली होती की बघत राहावं. तेहतीस मोजून डब्यात भरले आणि डबा नणंदेच्या हाती दिला.

परत येताना खामगावच्या स्टँडवर गाडीला उशीर होता. मालक, म्हणजे हिंमतराव, चौकशीच्या खिडकीशी भांडायला गेले. केसरबाई सकाळपासून वहिनीच्या हाताखाली राबलेल्या, पंगती वाढून वाढून स्वतः धड दोन घास खाल्ले नव्हते. मांडीवरच्या डब्यातून तुपाचा वास येत होता. त्यांनी झाकण उघडलं आणि वरचा एक खाल्ला. मनात म्हणाल्या, वहिनीनं एखाददुसरा जास्तीचा घातलाच असेल, डबा भरताना कोणती बाई मोजूनमापून घालते? त्यांचा हिशेब तसा चुकीचा नव्हता. वऱ्हाडातल्या शंभरातल्या नव्व्याण्णव बायकांनी दोन जास्तीचे घातलेच असते. शालूबाई शंभरावी. तिचे तेहतीस म्हणजे तेहतीस.

हिंमतराव माणूस वाईट नव्हता, पण मानपान म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. घरी येऊन त्यांनी पेपरावर अनारसे मांडले आणि तीनदा मोजले. बत्तीस.

"जावयाले एक कमी," ते म्हणाले. "मुद्दाम केलं."

चुलीपाशी उभ्या केसरबाईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्या घाबरल्या, दुसरं काही नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता आठ दिवस गेले आणि नवरा त्यांना घेऊन नाशिकला गंगेवर स्नानाला गेला. रामकुंडावर दोघांची गाठ बांधली, संकल्प झाला. गुरुजी म्हणाले, आता इथे काहीतरी आवडीचं सोडा. लोक कारलं सोडतात, फणस सोडतात, जे तसंही खायचं नसतं ते. हिंमतरावांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाले, "अमडापूरच्या मेव्हण्याच्या घरचं पाणी सोडलं." रीतीप्रमाणे केसरबाईंची बोटं तेव्हा नवऱ्याच्या हाताला लागलेली होती. पाणी दोघांचं सुटलं.

इकडे अमडापुरात निरोप पोचला तसा रामरावांनी बायकोला भावकीसमोर विचारलं, किती घातले होते? ती म्हणाली, तेहतीस. ते म्हणाले, तुले मोजता येत नाई. बस्स, एवढंच. पण गावाला एवढं पुरतं. कोणी दुकानदारानं माप कमी दिलं की लोक म्हणायला लागले, "हे काय शालूबाईचे तेहतीस हायेत काय?" लग्नात पत्रावळी मोजायला तिला कोणी बसवेना. तिनं त्यानंतर अनारसे केले नाहीत. केसरबाई वर्षातून दोनदा तिच्या ओसरीवर बसून तांब्यातलं पाणी पीत हे सगळं बघत होत्या. त्या पाण्याची चव कशी लागत असेल, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

हिंमतराव जाऊन दोन वर्षं झाली. यंदा धोंड्याचा महिना लागला आणि पहिल्याच दिवशी केसरबाईंनी मुलाला, गोपालला, बोलावून सांगितलं, "मले गंगेवर जायाचं हाये. तिकीट काढ."

"आई, त्रेचाळीस डिग्री ऊन हाये. काऊन जीवावर उदार होऊन राह्यली?"

"तुह्या बापासंग गेलती. आता त्याच्याबिगर जाईन. तू काढून देतं का मी स्टेशनावर जाऊन उभी राहू?"

गोपालनं दोन तिकिटं काढली. सोबत सून सुचिता निघाली.

मलकापूरहून गाडी सुटली, भुसावळ गेलं, तेव्हा केसरबाईंनी सुनेला सगळं सांगितलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या हे तोंडातून काढत होत्या, म्हणून खिडकीबाहेर बघत सांगत होत्या. सुचिता आधी इतकी हसली की चणेवाला थांबून बघायला लागला.

"एका अनारशापायी, आई?"

सासूचा चेहरा दिसला तसं तिचं हसू विझलं. "मंग शालूमामीले जे लोक बोलतात..."

"थेच तं," केसरबाई म्हणाल्या. "म्हणूनच चालली. आधी पाणी सोडवतो, मंग बाकीचं."

रामकुंडावर धोंड्याच्या महिन्याची गर्दी होती. बायका दिवे सोडत होत्या, पायऱ्या चटके देत होत्या, आणि छत्रीखाली बसलेल्या गुरुजींच्या चौरंगावर तांब्या-पळीशेजारी मोबाईल आणि पैसे भरायचा कोड ठेवलेला होता. केसरबाईंनी स्नान केलं आणि ओलेत्यानंच समोर बसल्या.

"महाराज, इथं सोडलेलं परत घेता येते काय?"

गुरुजींना असं आजवर कोणी विचारलं नसावं. "काय सोडलंत, मावशी?"

त्यांनी सांगितलं. गुरुजींनी विचारलं, "सोडलं असं तोंडानं तुम्ही म्हणालात?"

"नाई. मालक म्हणले. म्या हात लावला."

"मग सोपं आहे. हात लावला म्हणजे बायकोला नवऱ्याच्या पुण्याचा अर्धा वाटा मिळतो. त्याच्या रागाचा नाही मिळत. खुशाल प्या भावाकडचं पाणी. तेव्हाही प्यायला हरकत नव्हती."

सुचिताला वाटलं, आता आई हात जोडतील. पण केसरबाईंना राग आला. सत्तावीस वर्षं बाई पोच्याचा तांब्या वागवते, भावाच्या घरी घासही घेत नाही, आणि गंगेवरचा माणूस म्हणतो, हरकत नव्हती! त्या रागातही त्यांना एक गोष्ट लख्ख दिसली. पाण्याला हरकत नव्हती, मालक गेल्यावर तर मुळीच नव्हती. तरी गेली दोन वर्षं त्या तांब्या घेऊनच अमडापूरला गेल्या होत्या. अडकलं होतं ते दुसरंच होतं, आणि ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

"आणखी मनात काही असेल तर तेहतीस अनारसे दान करा," गुरुजी म्हणाले. "सगळं धुऊन जाईल."

"ज्याचे खाल्ले त्याले सोडून तुमाले देऊ?" केसरबाई उठल्या. "नाई महाराज. ते इथं नाई धुतल्या जात."

दक्षिणा मात्र त्यांनी ठेवली. तांब्या गंगेत बुडवून काठोकाठ भरला आणि फिरकी घट्ट लावली. बाजारातून जाताना सुचितानं मिठाईच्या दुकानाकडे बोट दाखवलं. "आई, अनारसे घेऊन जाऊ? मोजून तेहतीस?"

"विकतचे घेऊन जाऊ तिच्यापुढं? तोंड हाये तेवढं पुरे."

रात्रीचा मुक्काम नाशिकलाच केला. दुसऱ्या दिवशी मलकापूरला उतरल्यावर सुचिता वडनेरच्या गाडीकडे वळली, तर सासू खामगावच्या गाडीत जाऊन बसलेली. कपड्यांची पिशवी मांडीवर, तांब्या हातात, कंडक्टरला म्हणत होत्या, "दोन अर्धे." सुचिता शेजारी येऊन बसली. खामगावला गाडी बदलायची होती. स्टँडवर पाऊण तास काढावा लागला, आणि त्या पाऊण तासात केसरबाईंनी पाण्याचा थेंबही घेतला नाही. सुचितानं कोल्ड्रिंकचं विचारलं. त्या म्हणाल्या, "या स्टँडवर म्या एकदा खाल्लं, तेवढं लई झालं."

अमडापुरात पोचल्या तेव्हा चार वाजले होते. शालूबाई ओसरीवर सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. रामराव खुर्चीत पेपर वाचत होते. पाहुणी आली की आधी पाणी द्यायचं, म्हणून शालूबाईंनी आत जाऊन एक गिलास आणला आणि सुचिताला दिला. केसरबाईंना विचारायची पद्धत त्या घरातून केव्हाच गेली होती. शालूबाई पुन्हा सुपाशी बसल्या.

केसरबाईंनी भरलेला तांब्या खांबाशी ठेवला. उघडला नाही. मग वहिनीच्या समोर जमिनीवर बसल्या.

"वैनी, थो अनारसा म्या खाल्ला."

अलीकडे शालूबाईंचे कान गेले होते. त्यांनी मान वर केली. "काय म्हनता?"

केसरबाईंनी रस्ताभर हे वाक्य घोकलं होतं, पण हळू आवाजात. चारचौघांत ओरडून सांगायची तयारी त्यांनी केली नव्हती. सुचिता म्हणाली, "आई, मी सांगू का त्यायच्या कानात?" केसरबाईंनी तिला हातानंच गप्प केलं.

"थो अनारसा! म्या खाल्ला!"

"कोन खाल्ला?"

"म्या!" केसरबाई इतक्या जोरात बोलल्या की गल्लीपलीकडे नूरजहांबीची शिलाई मशीन थांबली आणि ती दारात येऊन उभी राहिली. येऊ दे, केसरबाईंना वाटलं, बोल लावले तेही गल्लीनंच लावले. "तेहतीस होते वैनी! तुमी बरोबर मोजले होते! म्या एक खामगावच्या स्टँडवर खाल्ला! अन् मालकाच्या भेवानं बोलली नाई!"

सूप थांबलं. तुरीचे दोन-चार दाणे घरंगळत ओसरीखाली गेले.

"वरचा खाल्ला?" शालूबाईंनी विचारलं.

"हाव. वरचा."

"त्याले खसखस जास्त लागली होती. मुद्दाम वर ठेवला होता." त्यांनी सुपातला एक खडा बोटांनी उचलला, बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "तेहतीस होते हे मले माहीत हाये. मले काऊन सांगता? यायले सांगा." आणि हनुवटीनं नवऱ्याकडे खूण केली.

रामरावांनी ऐकलं होतं. गल्लीनं ऐकलं तर त्यांनी कसं नाही ऐकणार? पेपर त्यांच्या गुडघ्यावर आडवा झाला होता. तरी केसरबाई उठल्या, भावाच्या खुर्चीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा बोलल्या. स्टँड, डबा, पेपरावर मांडलेले बत्तीस, चुलीपाशी मिटलेलं तोंड. एक शब्द गाळला नाही. शेवटी म्हणाल्या, "आता मले पानी दे, दादा. मी तुह्या घरचं पानी प्याले आली."

रामराव उठले. गुडघा धरला तसा खुर्चीचा हात पकडून क्षणभर उभे राहिले, मग आत गेले. माठावरचं झाकण वाजलं. त्या घरात रामरावांनी स्वतःच्या हातानं कोणाला पाणी दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ते दोन्ही हातांत दोन गिलास घेऊन बाहेर आले, उंबऱ्यावर थोडं सांडलं.

केसरबाईंनी हात पुढे केला.

रामराव त्या हाताच्या बाजूनं पुढे गेले आणि शालूबाईंसमोर वाकले.

"तेहतीसच होते तुह्ये," ते म्हणाले. एकदा म्हणाले आणि मग तिला ऐकू जावं म्हणून पुन्हा, मोठ्यानं.

शालूबाईंनी तुरीचे हात पदराला पुसले, गिलास घेतला आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. घाई केली नाही. तेवढा वेळ केसरबाईंचा हात पुढे केलेला तसाच होता. त्यांनी तो मागे घेतला नाही, आणि पहिला गिलास वहिनीचाच, हे त्यांना पटलेलं होतं. रिकामा गिलास सुपाशेजारी ठेवला गेला, तेव्हा रामराव दुसरा गिलास घेऊन बहिणीकडे वळले.