मीठा मसाला

नवरा सैन्यातून निवृत्त झाला तरी आम्ही लखनौ सोडलं नाही, तेलीबागेतच राहिलो. गणपतीत मराठी मंडळाच्या स्टॉलवर मी घरचा गोडा मसाला मांडायचे. गर्दी सगळी शेजारच्या वडापावाकडे. चार लोक घेतात तेच बाकीचे घेतात. माझी पाकिटं तशीच घरी यायची आणि माझी चिडचिड नवऱ्यावर निघायची.

मग मुलीने मला मसाला ऑनलाइन विकायला लावला. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. माहिती भरताना तिने गोडा मसाल्याचं सरळ 'मीठा मसाला' करून टाकलं. पहिल्याच गिऱ्हाइकाने तो जेवणानंतर बडीशेपेसारखा तोंडात टाकला आणि लिहिलं, 'मुँह कड़वा हो गया।' मी कपाळाला हात लावला.

"मम्मी, गोड मतलब मीठा ही तो होता है ना?" ती हसून हसून बेजार.

नाव दुरुस्त केलं आणि खरंच मागणी सुरू झाली. भुज, जोरहाट, कुठून कुठून. गल्लीत एकच मराठी घर असेल तर तिथला दुकानदार हा मसाला कशाला ठेवेल? फोनवर अशी विखुरलेली घरं मला बरोबर सापडत होती. मी खूश व्हायला हवं होतं. पण खोबरं भाजताना मन थाऱ्यावर नसायचं. परकी माणसं माझा मसाला मागून घेत होती आणि पोटची पोर आमटीची वाटी बाजूला सारून विचारायची, "कुछ और है?" माझ्यामागे ही चव घरात उरणार नाही, ही धास्ती काही केल्या जाईना.

तिला पुण्यात नोकरी लागली तेव्हा वाटलं, आता तरी जीभ वळेल. मसाल्याचा डबा भरून दिला. रोज फोनवर माझं एकच, "आमटी केलीस का?" ती विषय बदलायची. मी फोन ठेवून घरभर येरझाऱ्या घालायचे.

परवा व्हिडिओ कॉलवर ती स्वयंपाक करताना दिसली. ओट्यावर एक अनोळखी पाकीट होतं. लखनवी कोरम्याचा मसाला, इथल्याच गोमती नगरातली कुणी बाई घरी करून विकते.

"यहाँ किसी दुकान में नहीं मिलता, मम्मी. ऑनलाइन मँगाया."

"आणि माझा डबा?"

"रखा है. पर कभी-कभी अपने यहाँ का खाने का मन करता है ना."

आमच्या घरात 'आपल्याकडे' म्हणजे महाराष्ट्र, दुसरं काही नाही. मला आधी राग आला. मग तिचा चेहरा नीट पाहिला. मी तिला जन्मभर आपल्या माणसांत ढकलत होते, आणि तिथे पोचून पोरीला घरची आठवण येत होती.