भिवा तांडेलाचा कान

आमच्या बुरोंडीत होडी हाकणारे तांडेल पुष्कळ झाले, पण कान एकट्या भिवा तांडेलाचा. हे मी छाती पुढे काढून सांगतो, कारण मी त्याच्या होडीवर खलाशी होतो.

घोळ मासा पाण्याखाली घुमतो. इंजिन बंद करायचं, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं आणि दांडा कानाशी धरायचा. लाकडातून तो आवाज वर येतो. आम्हाला ती नुसती खरखर वाटायची. भिवाला मासा किती लांब आहे, एकटा आहे की थवा आहे, सगळं कळायचं. तेवढा वेळ होडीवर कुणी बोलायचं नाही, विडीसाठी काडीसुद्धा ओढायची नाही. हा आमचा जुना रिवाज. तो मोडलेला मी एकदाच पाहिला.

ह्याच कानाला गाण्याची ओढ होती. तरुणपणी भिवा मालाच्या गलबतावर मुंबईला जायचा. तिथे बंदरालगतच्या एका माडीवर कुणी बुवा पहाटे गायला बसायचे. भिवा खाली रस्त्यावर उभा राहून ऐकायचा. "एकच सूर, पण भरतीच्या पाण्यासारखा हळूहळू चढायचा," असं तो मला सांगायचा. पुढे त्याने रेडिओ घेतला. दिवेलागणीला रागदारी लागली की तो पडवीत डोळे मिटून बसे.

घरचे मात्र ऐकू देत नसत. बायको गोदूबाई शेजारीच सुकी मासळी निवडत बसायची.

"अवो, ह्या माणसाची दाढ दुखतेय काय? मघापासून नुसता आ आ करतोय!"

मुलगा खंडू म्हणायचा, "बाबा, शिनेमाची गाणी लावा की. ह्याच्यात शब्द तरी हायत काय?"

"जरा गप ऱ्हावा," भिवा म्हणायचा. घटकाभर गप्प. मग पुन्हा नारळाचा भाव, शेजारणीची हरवलेली कोंबडी, सून बकुळाला हाका. एका संध्याकाळी गाणं ऐन रंगात असताना खंडूने बोलता बोलता रेडिओची कळच फिरवली. भिवा उठून पुळणीच्या वाळूत जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही समुद्रात होतो. खंडूने इंजिन बंद केलं. भिवाने वल्हं सोडलं, कान लावला, आणि त्याचा चेहरा उजळला. थवा होता, मोठा. आम्ही श्वास रोखून धरला.

तेवढ्यात भिवा मोठ्याने बोलला, "काय रे खंडू, शेजारणीची कोंबडी गावली काय?"

खंडू दचकलाच. "बाबा, बोलताव काय! घोळ जाईल ना!"

"जाऊ दे. नारळाचा भाव काय हाय?" म्हणत त्याने टाच फळीवर दणदण आपटली.

"पाया पडतो तुमच्या, गप ऱ्हावा!"

भिवाने वल्हं वर घेतलं. "गेली घोळ. घरात माझी रोज अशीच जाते."

परत आलो तेव्हा किनाऱ्यावर गोदूबाई टोपली घेऊन उभी होती. खंडूने मान खाली घालून सगळं सांगितलं. तिने भिवाला अशा काही शिव्या घातल्या की बाकीच्या कोळणी लाजल्या. भिवा शांतपणे घरी गेला.

त्या संध्याकाळी त्याने रेडिओला हात लावला नाही. गोदूबाईनेच तो पडवीत आणून ठेवला, कळ फिरवली आणि मासळी उचलून मागल्या दारी निघाली.

"बस हितंच," भिवा म्हणाला. "हात चालू देत. तोंड नको."

ती बसली. थोड्या वेळाने तिचे हातही थांबले. "चढतोय हो," ती हळूच म्हणाली. भिवाने डोळे न उघडता मान हलवली.

पुढे एकदा बकुळाचा भाऊ लोटे गावच्या कारखान्यातून सुट्टीवर आला आणि पायरीवरूनच ओरडला, "काय भावजी, हायसा काय घरात?"

आतून गोदूबाई धावत आली. "गप रे मेल्या! वल्हं पाण्यात हाय."

त्याला काहीच कळलं नाही. पण गाणं संपेपर्यंत तो चपला हातात घेऊन अंगणात उभा राहिला.