मालकाले पाठव

“मालकाले पाठव.”

शेठ माझ्याकडे न पाहता बोलला. गल्ल्यावर बसून संत्रं सोलत होता. मी खांद्यावरचं चाक उतरवलं अन् त्याच्या टायरच्या दुकानाच्या पायरीले टेकवलं. नागपूरच्या सदरमध्ये रस्त्यावर उन्हाचा नुसता भडका होता, डोकं भणभणून राहिलं होतं.

“शेठ, तुमच्या माणसानं टायर चढवताना चाकं वाकवली. समोरची दोन्ही. ही कड पाहा, कशी झाली.”

“आयकलं मी. मालकाले पाठव. नोकराशी मी बोलत नसतो.”

“मालक मीच होय.”

तेव्हा त्यानं मान वर केली. पहिले माझ्या डोक्यावरची खाकी टोपी पाहिली, मग पाय पाहिले. मग आत तोंड करून ओरडला, “अगा आयकलं का? हा मालक होय म्हनते!”

आतले हसले. ज्यानं माझ्या चाकांवर घन चालवला होता तोही हसला. दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं, चांगल्या कपड्यातलं, ते सुद्धा हसलं. त्याचं तर काही देणंघेणं नव्हतं.

“कोनत्या वस्तीतला तू?”

मी सांगितलं. काहून सांगितलं, कोण जाणे. विचारलं की सांगायचं, अशीच सवय होती.

“असं म्हन ना मग. महाराच्या दारात मोटार? चोरीची तं नाही ना गा? पायरी सोड पहिले. चाक उचल, अन् ज्याची गाडी होय त्याले पाठव.”

त्यानं संत्र्याची साल फेकली. ती माझ्या चाकावर पडली. मी साल झटकली, चाक उचललं अन् चालू लागलो. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. खरं सांगतो, त्या वेळी मी एक शब्द बोललो नाही. शिव्या मले येत होत्या, भरपूर येत होत्या. पण जिभेवर बापाचा हात होता.

बापाचं सांगतो. माझा बाप सिव्हिल लाइन्समध्ये एका इंग्रज साहेबाचा ड्रायव्हर होता. इंग्रज गेले तेव्हा साहेबही गेला, अन् जाताना आपली जुनी मोटार बापाले विकून गेला. आईच्या अंगावर जे होतं नव्हतं ते त्यात गेलं. कागद माझ्या नावावर झाले, कारण घरात सही मलेच येत होती. बापानं मले चालवायले शिकवलं, इंजिन शिकवलं, अन् सगळ्यात आधी एक वाक्य शिकवलं. कोणी विचारलं, गाडी कोनाची, तर म्हणायचं, साहेबाची.

“ही आपली होय,” बाप म्हणायचा, “पन आपली म्हनू नको. आपल्याजवळ काही हाय हे दिसलं, की लोकायच्या पोटात दुखते.” अन् साहेबानं दिलेली स्वतःची खाकी टोपी त्यानं माझ्या डोक्यावर ठेवली. टोपी घातली की पोलीस अडवत नव्हता, पंपावर कोणी हटकत नव्हतं. नोकराले रस्ता मोकळा असते. मालकालेच अडवतात, तो आमच्यातला असला तर.

गाडी मी स्टेशनवर भाड्यानं लावत होतो. नागपूर तेव्हा राजधानी होतं. बाहेरगावचे लोक सचिवालयात कामं घेऊन यायचे, कारकुनाच्या खोलीबाहेर दिवस काढायचे, रडत परत जायचे. त्यांना नेणं-आणणं हा माझा धंदा. गाडीच घर चालवत होती. बापाचे डोळे गेले होते, बहिणीचं लग्न व्हायचं होतं. गाडी थांबली की चूल थांबली.

तर समोरचे दोन टायर घासले होते म्हणून मी सदरच्या त्या मोठ्या दुकानात गेलो. “चाकं खोलून ठेव, अन् त्या लिंबाखाली थांब,” शेठनं सांगितलं. मी थांबलो. आतून दणके ऐकू येत होते. टायर चपट्या पट्टीनं कडेवर सरकवत चढवायचा असते, जरा दमानं. इथं लोखंडावर लोखंड वाजत होतं. मी दारापर्यंत गेलो अन् म्हणालो, “भाऊ, जरा हळू.” शेठनं हातानंच हाकललं, कुत्र्याले हाकलतात तसं.

दुसऱ्याच दिवशी एका वकीलसाहेबांना कामठीच्या कोर्टात घेऊन चाललो होतो. कामठी रोडवर स्टेअरिंग हातात थरथरायले लागलं. मी वेग कमी केला. तेवढ्यात वाकलेल्या कडेनं ट्यूब कापली अन् फाट्‌कन चाक बसलं. गाडी रस्त्याकडेच्या एका लिंबाच्या बुंध्याकडे ओढली गेली. जीव खाऊन थांबवली. वकीलसाहेबांच्या कपाळाले टेंगूळ आलं, बाकी दोघंही वाचलो. स्टेपनी लावली अन् त्यांना हळूहळू पोचवलं. मग फुटलेलं चाक खांद्यावर घेऊन शेठकडे गेलो. त्यानंतरचं तुम्ही ऐकलंच.

हे वकीलसाहेब धंतोलीत राहायचे. माझं नेहमीचं भाडं. खादी घालायचे, सभेत समतेवर बोलायचे, अन् नुसते बोलायचे नाहीत. आमच्या वस्तीत येऊन त्यांनी माझ्या आईच्या हातचा चहा पेला होता. वस्तीत त्या चहाची गोष्ट अजून सांगतात. गाडीचे कागद माझ्या नावावर आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच एकदा ते वाचून दाखवले होते मले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना शेठचं सांगितलं. ते चिडले. खरंच चिडले, कान लाल झाले. “अरे, कायदा आहे की नाही या देशात? चल, मी येतो. मी बोलतो त्याच्याशी.”

माझ्या अंगात बळ आलं. वाटलं, आता शेठची खैर नाही. वकील माणूस, बरोबर शब्दात पकडणार. दुसरं वाकडं चाक गाडीलेच होतं. त्याच चाकावर लचकत लचकत मी त्यांना सदरले घेऊन गेलो. दुकानासमोर गाडी थांबवली अन् सवयीनं मागचं दार उघडलं.

ते दार उघडणंच शेठनं पाहिलं. संत्रं बाजूले, हात जोडलेले, स्वतः गल्ल्यावरून खाली. “या साहेब, या. गाडी आपली का?”

वकीलसाहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. आता सांगतात, मले वाटलं.

“हो,” ते म्हणाले. “माझीच.”

बस! सगळं बदललं. खुर्ची आली, पंखा त्यांच्याकडे वळला, सोड्याची बाटली फुटली. शेठ हळहळून बोलत होता. चूक झाली साहेब, माफी असावी, आमची माणसं अडाणी. आतून दोन सरळ चाकं निघाली. परवाचा तोच घनवाला आता पट्टी घेऊन, फुंकर मारून, नव्या नवरीले बांगड्या भराव्या तसा टायर चढवून राहिला होता. म्हणजे काम येत होतं त्याले. परवा केलं नव्हतं इतकंच.

मी खाली रस्त्यावर उभा. वकीलसाहेबांनी मले हळूच डोळ्यानं खुणावलं, झालं ना काम? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसं झालं होतं. अन् हा नागोबा माझ्यावर उपकार करून राहिला होता. राग कोनावर काढावा तेही कळेना.

चाकं लागली. मी मनात म्हटलं, गिळ बापा, हेही गिळ. बहिणीचं लग्न हाय. बाप बरोबर सांगत होता.

तेवढ्यात शेठ आवाज उतरवून बोलला. उतरवला तरी मले ऐकू यावा इतकाच उतरवला. “साहेब, एक सांगू का? ड्रायव्हर बदला. या लोकायच्या हातात गाडी देऊ नका. यानंच कुठं तरी ठोकली असन, अन् नाव आमच्यावर. काल तं मले म्हने, मालक मीच होय.”

चोराच्या उलट्या बोंबा! मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. काल यांच्याच कपाळाले टेंगूळ आलं होतं. मी गाडी कशी सांभाळली ते यांनी डोळ्यानं पाहिलं होतं.

वकीलसाहेब हसले. सोड्याचा घोट घेतला. म्हणाले, “असं का? बरं, सांगतो त्याला जरा दमानं चालवायला.”

एवढंच. पण माझ्या डोक्यात लख्ख झालं. गाडी त्यांची म्हटली की चूक माझी होणारच होती. चांगली चाकं मालकाची अन् वाकडी चाकं ड्रायव्हरची. बापानं शिकवलेल्या वाक्याच्या पोटात हे होतं, अन् इतकी वर्षं मले दिसलं नव्हतं.

मी पायरी चढलो.

“ए! खाली!” शेठ.

मी डोक्यावरची टोपी काढली अन् त्याच्या गल्ल्यावर ठेवली. “गाडी माझी होय. कागद माझ्या नावावर हायेत. यांना विचारा, यांनीच वाचले. चाकं तुमच्या माणसानं वाकवली, मी ठोकली नाही.”

 शेठनं वकीलसाहेबांकडे पाहिलं. वकीलसाहेब सोड्याच्या बाटलीकडे पाहून राहिले होते. मग उठले, माझ्या दंडाले धरून बाजूले नेलं अन् दबक्या आवाजात म्हणाले, “अरे, काम झालं होतं ना? मी म्हटलं म्हणून गाडी काय माझी होते?”

“मग माझी म्हटलं असतं तर काय झालं असतं?”

“चाकं मिळाली नसती.”

“तेच तं सांगा ना त्याले.”

ते माझा दंड सोडून खुर्चीकडे वळले. शेठ मात्र आता सावरला होता. धंदेवाला माणूस, बाहेर लोक जमून राहिले होते, त्याले तमाशा नको होता. म्हणाला, “हे पाय, साहेबाकडे पाहून चाकं दिली, ती दिली. परत घेत नाही. तू चूप बस, खाली उतर, अन् घेऊन जा.”

मी सांगतो तुम्हाले, ते सोपं होतं. तीन पायऱ्या उतरायच्या अन् घरी जायचं. गाडी धावली असती, लग्न झालं असतं.

“मालकाले देत असाल तर माझ्या हातात द्या,” मी म्हणालो. “म्हना, तुमची गाडी आमच्या हातून खराब झाली, ही तुमची चाकं. एवढं म्हना.”

“तुले? तुमची?” शेठचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “मेलो तरी म्हनणार नाही.”

“तं ठेवा तुमच्याजवळ.”

मी पाना घेतला. भर रस्त्यात बसलो अन् ती सरळ चाकं माझ्या हातानं खोलली. कोणी मदत केली नाही, कोणी अडवलंही नाही. एक वाकडं चाक लावलं, दुसरीकडे स्टेपनी लावली, अन् शेठची चाकं त्याच्या पायरीवर नेऊन ठेवली. वकीलसाहेब म्हणाले, “वेडेपणा करतोस.” मी त्यांना गाडीत बसा म्हटलं नाही. ते टांग्यानं गेले.

घरी आलो. बापानं चाचपत हात माझ्या डोक्यावर ठेवला. “टोपी कुठं गा?”

“ठेवून आलो.”

“साहेबाची टोपी होती ती!”

“म्हनूनच.”

बाप भडकला. हात दाखवून अवलक्षण करून आला म्हणाला, आता बहिणीले काय सांगशीन म्हणाला. त्याचं खोटं नव्हतं. वाकड्या चाकावर भाडं नेता येत नव्हतं, गाडी विटांवर उभी राहिली. मी मिलच्या फाटकावर हमाली केली. लग्न पुढं गेलं, नवऱ्याकडच्यांनी तोंडं वाकडी केली, बहीण माझ्याशी बोलेना. आई रोज गाडीवरची धूळ पुसायची अन् मले काही म्हणायची नाही, ते जास्त लागायचं.

मग इतवारीकडे चाकं सरळ करून देणारा एक लोहार भेटला. चाक पाहून त्यानंही विचारलं, “कोनाची गाडी?”

“माझी.”

“मंग ठेव तिथं,” म्हणाला, अन् भाता ओढू लागला.

गाडी पुन्हा स्टेशनवर लागली. पहिल्याच आठवड्यात वकीलसाहेब आले. हातात बॅग, चेहऱ्यावर काही झालंच नाही असं हसू. “चल रे, कामठी.” दाराले हात घातला. मी आतून दार धरून ठेवलं.

“वकीलसाहेब, पहिले सांगा. ही गाडी कोनाची?”

“अरे, तुझीच. मी कधी नाही म्हटलं?”

“मले नका सांगू. मले ठाऊक हाय. या लोकायले सांगा. मोठ्यानं.”

स्टँडवर टांगेवाले होते, हमाल होते, रेल्वेतून उतरलेले सुटाबुटातले लोक होते. त्यांच्यातल्या एकानं वकीलसाहेबांना नमस्कार केला. वकीलसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  त्यांनी दारावरचा हात काढला अन् टांग्याकडे गेले.

भाडं गेलं. जाऊ दे. तुम्ही माझ्या आईच्या हातचा चहा प्या, नाहीतर नका पिऊ. सभेत बोला, नाहीतर घरी झोपा. माझ्या गाडीत बसायचं असन, तर दार उघडायच्या आधी चार लोकांत सांगावं लागन, गाडी कोनाची. ज्याच्या तोंडून ते निघत नाही, त्यानं पायी जावं.