गुंडप्पाची चार बोटं

कळंबच्या मार्केट यार्डाबाहेर माझा वजनकाटा आहे. धान्याची प्रत्येक गाडी त्यावर चढते, पण बेंबळीच्या गुंडप्पाची पिकअप कधी चढायची नाही. "तुमचा काटा तुमच्यापाशी, भाऊ," म्हणत तो मागच्या चाकाजवळ उकिडवा बसायचा आणि टायर नि हौदा यांच्यामध्ये आपली बोटं घालायचा. चार बोटं बसली तर गाडी निघाली. तीनच बसली तर माल उतरवा, मग मालकानं कितीही आरडाओरडा करावा. पोती तो मोजत नसे. ओलं सोयाबीन जड, वाळलेलं हलकं, त्यात कुणी कट्टा गच्च भरतो तर कुणी सैल. बोटं मात्र खोटं बोलत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मी त्याची लई थट्टा केली. एकदा हट्टानं गाडी काट्यावर घ्यायला लावली, तर त्याचा अंदाज असा नेमका निघाला की चहा मलाच पाजावा लागला.

कपाळाला विभूती, खांद्यावर टॉवेल, आणि बावीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. गाडी अमरसिंह शेठची, पण तिचे पाटे, म्हणजे मागचा सगळा भार पेलणाऱ्या त्या लोखंडी पट्ट्या, गुंडप्पा फक्त वैजनाथलाच खोलू द्यायचा. वैजनाथचं दुकान माझ्या काट्यासमोरच. दोघं एका डब्यात जेवणारे. गुंडप्पाच्या लेकीचं, शिवप्रियाचं लग्न झालं तेव्हा मांडवात पहिल्यापासून शेवटपर्यंत राबला तो वैजनाथ.

दिवाळीनंतर गुंडप्पा चार दिवस लेकीकडे गेला. परत आला तर गाडी मागून उचललेली. त्यानं वैजनाथला विचारलं.

"पाटे खोलून त्यांची बसलेली कमान परत चढवली, बुश नवे टाकले," वैजनाथ म्हणाला. "बसंल आठ दिवसांत खाली."

गुंडप्पानं मान डोलावली. खाली वाकून बघितलं नाही. मित्राचं काम तपासायचं म्हणजे मित्रावर शंका घ्यायची, हे त्याच्या रक्तातच नव्हतं. मला विचाराल तर तिथंच बघायला हवं होतं, पण मला विचारतो कोण!

दुसऱ्याच दिवशी तो सोयाबीन घेऊन सोलापूरला निघाला. चार बोटं चोख बसली होती. तुळजापूरचा घाट उतरताना ब्रेक तापले आणि गाडी आवरेना. शेवटी डोंगराच्या अंगाला घासत नेऊन त्यानं ती कशीबशी थांबवली. दाराचा पत्रा फाटला, गुडघा फुटला. तसाच लंगडत तो गाडीखाली शिरला आणि पाटे मोजले. पाचाचे सात झाले होते. नवे दोन जुने दिसावेत म्हणून त्यांना काळं ऑइल आणि माती चोळलेली होती.

पाटे वाढवले की गाडी दबत नाही, ब्रेक मात्र होते तेवढेच राहतात. शेठला जास्त माल न्यायचा होता आणि गुंडप्पाची बोटं आड येत होती. म्हणून त्या बोटांनाच फसवलं.

दुसऱ्या दिवशी गुंडप्पा वैजनाथच्या दुकानात आला. मीही रस्ता ओलांडून गेलो.

"शेठ म्हणला, तुला सांगितलं तर तू न्हाय म्हणशील," वैजनाथ खाली बघत म्हणाला.

"व्हय, म्या न्हायच म्हणलो असतो. म्हणून तर सांगायचं व्हतं," गुंडप्पा म्हणाला. "शेठचं सोड, त्यो शेठ हाय. माती तू चोळलीस, वैजनाथ. तुज्या हातानं."

माझं डोकं फिरलं. मी वैजनाथला तोंडाला येईल ते बोललो. गुंडप्पानं मलाच हाताला धरून बाहेर आणलं. त्याच दिवशी त्यानं शेठला किल्ली परत दिली.

आता तो दुसऱ्याची पिकअप चालवतो. बोटं घालणं त्यानं सोडलं. प्रत्येक खेपेला माझ्या काट्यावर येतो. परवा मी पावती दिली, ती त्यानं दोनदा वाचली आणि विचारलं, "काटा बरोबर हाय न्हवं, भाऊ?"

बावीस वर्षांची ओळख! मला लागलंच. "भवानीआईची आण, गुंडप्पा, बरोबर हाय."

"वैजनाथनंबी आण घेतली असती," तो शांतपणे म्हणाला. "गाडी मागं घेतो. परत एकदा करा."

मी परत एकदा काटा केला.