कटती कशाची?

अक्कांच्या हातात कोणी बिल दिलं की त्या बेरीज बघायच्या नाहीत. बेरजेच्या वरची ओळ बघायच्या. तिथे "इतर आकार", "किरकोळ", "घट" असलं काही दिसलं की चष्मा कपाळावर चढायचा आणि समोरच्याला प्रश्न यायचा, "ही कटती कशाची?" समोरचा नवखा असला तर हसून टाळायचा. जुना असला तर मुकाट्याने स्टूल ओढून बसायचा, कारण उत्तर मिळेपर्यंत सुटका नाही हे त्याला माहीत असायचं.

कटती हा त्यांच्या माहेरचा शब्द. सावद्याला वडिलांची केळीची बाग. माल काट्यावर चढला की व्यापारी वजनातून काहीतरी कापणार, दांड्याचं म्हणून, ओलाव्याचं म्हणून, कधी नुसतंच रिवाज म्हणून. ती कटती. अक्कांचे वडील काट्याला टेकून उभे राहायचे आणि दर खेपेला विचारायचे, कशाची? व्यापारी त्यांना वैतागायचे, पण त्यांच्या मालाला हात लावताना जरा जपून लावायचे. वडिलांनी मुलीला हुंड्यात काय दिलं कोण जाणे, हा प्रश्न मात्र भरभरून दिला होता.

एकदा गिरणीतून दळण आलं ते मूठभर कमी. गिरणीवाला म्हणाला, "अक्का, जात्यात राहतं थोडं." अक्का म्हणाल्या, "राहतं ना? मग दाखव." आणि बसल्या तिथेच बाकावर. शेवटी बिचाऱ्याने गिरणी थांबवली, झाकण उघडलं, झटकलं, तर चांगलं पायलीभर पीठ निघालं. अक्कांनी ते घरी आणलं असेल असं वाटतं ना? छे! त्यालाच देऊन आल्या. म्हणाल्या, "खा बाबा. पण सांगून खा."

वीजबिलात अकरा रुपये जास्त आले तेव्हा तीनदा कचेरीत गेल्या. नाना, म्हणजे त्यांचे यजमान, फार कमी बोलायचे. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "अगं, रिक्षाला त्याहून जास्त गेले." अक्का फणकारल्या, "रिक्षावाल्यानं सांगून घेतले!"

ह्या बाईच्या समोर मी क्रेडिट कार्डाचं मशीन विकायला गेले. माझं धाडस बघा.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी जळगावच्या एका बँकेत नवी अधिकारी. वडील वरणगावच्या फॅक्टरीत, घरात बँकेची नोकरी लागलेली मी पहिलीच, त्यामुळे अंगात नको इतका ताठा. संक्रांतीच्या सुमाराला वरून हुकूम आला की मोठ्या दुकानांत कार्डाची मशीनं बसवा. मशीन म्हणजे लोखंडी पाट. त्यावर कार्ड ठेवायचं, वर तीन कागदांची स्लिप, मग दांडी इकडून तिकडे खस्सकन सरकवायची, की कार्डावरचे आकडे कागदावर उमटणार. ती स्लिप बँकेत भरली की पैसे जमा, शेकड्याला चार रुपये कापून.

अक्का-नानांचं साड्यांचं दुकान गावात नावाजलेलं. नाना गादीवर बसून साड्या उलगडणार, अक्का गल्ल्यावर. गल्ल्याच्या मागे पाटी, नानांनी स्वतः रंगवलेली : "एकच भाव". खानदेशात साडीच्या दुकानात घासाघीस न करता बाहेर पडणं म्हणजे जेवून हात न धुण्यासारखं. पण इथे कलेक्टरची बायको येवो की शेतमजूर बाई, चिठ्ठीवर लिहिलेला तोच भाव. पहिली पाच वर्षं लोक हसले. मग ह्या पाटीसाठीच यायला लागले.

मी पाठ केलेलं सगळं भाषण केलं. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग चष्मा वर गेला.

"चार रुपये. ही कटती कशाची?"

मी म्हटलं, "बँकेचं कमिशन आहे ते."

"ते कळलं. कोणाकोणाच्या ताटात जातं?"

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं! कानाच्या पाळ्या गरम झाल्या. अक्का रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "मॅडम, विकायला आलात आणि माल माहीत नाही? मी पॉलिएस्टर रेशीम म्हणून विकलं तर चालेल का? जा, विचारून या. मशीन राहू द्या, चहा घेऊन जा."

मी चार दिवस मुंबईच्या ऑफिसला फोन करकरून डोकं खाल्लं आणि उत्तर घेऊन आले. ज्या बँकेने गिऱ्हाइकाला कार्ड दिलं तिला सर्वांत मोठा वाटा, जिच्या नावाचं कार्ड त्या कंपनीला थोडा, आणि दुकानात मशीन ठेवलं म्हणून आम्हाला उरलेला. अक्कांनी साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर केळीचा घड काढला. चार फण्या, रुपयाला एक. "अडीच फण्या कार्डवाल्या बँकेला, अर्धी कंपनीला, एक तुम्हाला. बरोबर?" बरोबरच होतं. मुंबईच्या साहेबाने अर्धा तास घेतला होता ते बाईंनी चार रेघांत मांडलं. त्या दिवसापासून दुकानात लोकांसमोर मी "मॅडम" आणि एरवी "पोरी" झाले.

पण घड कळला म्हणून हलका होत नाही. शंभराच्या साडीत दहा रुपये सुटले तरी दिवाळी, त्यातले चार गेले तर दुकानाचं भाडं आणि माणसांचे पगार कशातून द्यायचे? आजूबाजूची दुकानं सरळ कार्डवाल्याकडून वरचे चार मागून घ्यायची. करारात त्याला मनाई होती, पण विचारतंय कोण! नानांनी हळूच सुचवलं, सगळ्याच साड्यांचे भाव थोडे चढवू. अक्का चिडल्या की सावद्याची बोली तोंडात यायची. "मंग माह्या माहेरची बाई येईन, पदराले नोटा बांधून, तिच्या लुगड्यात ह्या कार्डवाल्याची कटती टाकू? कायले? तिनं कोन्तं कार्ड दाखोलं मले?"

म्हणजे कार्डवाल्याकडून जास्त घ्यायचे तर पाटी खोटी, सगळ्यांकडून घ्यायचे तर पाटी खरी पण नियत खोटी. मशीन परत द्यावं तर डॉक्टर, इंजिनियर, मुंबई-पुण्याची लग्नघरं शेजारी जाणार. अक्कांनी कटती स्वतः सोसली, आणि नानांना सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघू. चाराचं कमी झालं नाही तर पाटी उतरवू. खोटी पाटी मला नको." नानांनी जरीच्या साडीची घडी तीनदा घातली आणि तीनदा मोडली.

मी दर कमी करायला वर पत्र लिहिणार, तेवढ्यात वैशाखात नानांनी घोळ केला. आणि खरं सांगायचं तर घोळ माझाच होता.

नियम असा की ठरावीक रकमेच्या वरचं बिल झालं तर आधी मुंबईला फोन करून परवानगीचा आकडा घ्यायचा. लग्नाचा बस्ता म्हटलं की बिल त्या रकमेच्या वर जाणारच. धुळ्याचे एक नवरदेवाचे वडील बस्ता घेऊन कार्ड काढून उभे. आता त्यांना "थांबा, तुमची ऐपत आहे का ते मुंबईला विचारतो" असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? भर दुकानात, त्यांचे व्याही शेजारी बसलेले! नानांची जीभ रेटेना. त्यांनी युक्ती केली. एका बिलाच्या तीन स्लिपा केल्या, तिन्ही मर्यादेच्या आत. अशी फोड चालत नाही, हे त्यांना सांगायचं काम माझं होतं. मी घाईत सांगितलंच नव्हतं. तिन्ही स्लिपा परत आल्या, पैसे अडकले, आणि दुकानाच्या नावापुढे लाल शेरा पडला. आता दर कोण कमी करणार?

मी रडवेली होऊन गेले. अक्का म्हणाल्या, "रडू नंतर. आधी धुळ्याची एस्टी पकडू."

आम्ही दोघी धुळ्याला गेलो. नवरदेवाच्या वडिलांना अक्कांनी काहीही न लपवता सांगितलं की चूक आमची, कागद परत आला. मला वाटलं, आता आवाज चढणार. ते आधी गंभीर झाले आणि मग खो खो हसले. "मन्हा पोरना बस्ता शे अक्का, फुकट लिसू का? बठ्ठा पैसा आत्तेच लई जा!" सगळे पैसे तिथेच रोख मोजून दिले, वर आम्हाला जेवू घातलं, शेवेची भाजी आणि कळण्याची भाकरी. परतीच्या गाडीत अक्का म्हणाल्या, "माणूस विचारल्यानं रागावत नाही पोरी. एकट्यालाच विचारल्यानं रागावतो."

त्यातूनच दुकानात नवा रिवाज पडला. बस्त्याची मंडळी आली की पहिली साडी उलगडायच्या आधी सगळ्यांना चहा, आणि चहा होईतो कार्ड असेल त्याचा अंदाजी रकमेसाठी मुंबईला फोन. मोठा असो, लहान असो, सरकारी साहेब असो, फोन होणारच. त्याला नावच पडलं, चहाचा फोन. कोणालाच कमीपणा वाटेना, उलट एक पाटीलबुवा खास विचारायचे, "आमचा फोन झाला का?" स्लिपाही रोजच्या रोज बँकेत. गणपती येऊन गेले, एक स्लिप परत आली नाही.

दसऱ्याच्या आधी आमचे मोठे साहेब जळगावला आले. मी हातापाया पडून त्यांना दुकानात नेलं. अक्कांनी त्यांच्यासमोर साड्यांची दोन खोकी ठेवली. एक स्लिपांच्या दुकानाकडे राहिलेल्या प्रतींनी गच्च, दुसरं अर्धं रिकामं.

"साहेब, हे भरलेलं खोकं तुमच्याच बँकेच्या कार्डांचं. हे दुसरं बाकीच्या बँकांचं. आता मला सांगा, चारातल्या अडीच फण्या कार्डवाल्या बँकेला द्याव्या लागतात म्हणता. पण कार्डही तुमचं आणि मशीनही तुमचं असेल, तर त्या अडीच फण्या तुम्ही कोणाला देता?"

साहेब हसले. "तो बँकेचा अंतर्गत मामला असतो हो, सांगता येत नाही."

अक्कांचा चष्मा कपाळावर गेला, पण त्यांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही सांगा."

माझी नोकरी पक्की व्हायला चार महिने होते. साहेब माझ्याकडे बघत होते, नाना हातातली साडी धरून बघत होते. मी म्हटलं, "कोणालाच नाही. त्या आपल्याकडेच राहतात."

तेवढ्यात एक लग्नघर आत आलं, चहा आला, नानांनी फोन फिरवला. साहेब ते सगळं निरखत राहिले. मग म्हणाले, "हे तुम्ही प्रत्येकाला करता?" नाना म्हणाले, "हो. एकच भाव." नानांच्या तोंडून विनोद मी तेव्हाच काय तो ऐकला, आणि तोही त्यांना विनोद वाटला असेल असं नाही.

पंधरा दिवसांत पत्र आलं. आमच्या कार्डांना दोन टक्के, बाकीच्यांना साडेतीन. अक्कांनी दोन्ही खोक्यांचा मेळ घातला आणि म्हणाल्या, "निभतं." पाटी राहिली. दिवाळीला नानांनी तिला नवा रंग दिला.

पुढल्या वर्षी माझी धुळ्याला बदली झाली. त्या उत्तराचा त्यात हात होता की नव्हता, देव जाणे. अक्का मात्र हळहळायच्या, "तुझी कटती माझ्यामुळे झाली व बाई." मी म्हणायचे, कटती कसली, धुळ्याला शेवेची भाजी जास्त चांगली मिळते. तिथे मी पुष्कळ दुकानदारांना मशीनं दिली, आणि कोणी विचारायच्या आधीच पुठ्ठा मागून घ्यायचे आणि त्यावर घड काढायचे. त्यावरून वरिष्ठांची बोलणीही खाल्ली. आज अक्काही नाहीत, नानाही नाहीत. बिल हातात आलं की माझी नजर अजून बेरजेच्या वरच्या ओळीवर जाते आणि मुलं म्हणतात, आई, चल ना आता.

जळगाव सोडायच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेले. आईसाठी एक साडी घ्यायची होती, आणि ती ह्याच दुकानातून घ्यायची होती. नानांनी मला अर्धं दुकान उलगडून दाखवलं. एक डाळिंबी रंगाची पसंत पडली. मी कार्ड काढलं तर अक्कांनी आधी चहा मागवला आणि माझं, म्हणजे खुद्द बँकेच्या अधिकाऱ्याचं, कार्ड घेऊन मुंबईला फोन लावला! मी हसून हसून बेजार.

चिठ्ठी लिहायची वेळ आली तसे नाना गादीवरून उठून गल्ल्यापाशी आले. ते कधी उठून यायचे नाहीत. हळूच म्हणाले, "अगं, हिला तरी थोडं कमी कर. आपली पोर आहे, उद्या चालली."

अक्कांनी मान वर केली नाही. पेन चालूच होतं. "हिला तर मुळीच नाही," त्या म्हणाल्या. "आपली पाटी हिनं राखली, नोकरी पणाला लावून. तीच पाटी हिच्यासाठी मोडू?"

आणि पूर्ण भाव लिहिलेली चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोर सरकवली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि चष्मा कपाळावर असल्यामुळे ते लपवायची सोय नव्हती. मी सही केली. एक रुपयाही कमी न देता घेतलेली ती साडी आईने फार जपून नेसली. आयुष्यात पुढे मला सत्काराच्या शाली मिळाल्या, नारळ मिळाले, पण त्या चिठ्ठीएवढा मान मला कोणी दिला नाही.