चॅनलचे आजोबा

दुबईतल्या कुठल्याही मराठी घरात जाऊन आजोबा कोण म्हणून विचाराल, तर निम्मी पोरं माझा फोटो दाखवतील. ही नोकरी मी मागितली नव्हती. बायको गेली तेव्हा मुलगा कराडला आला आणि दिवस-पाणी आटोपल्यावर म्हणाला, "बाबा, तीन महिने चला. तेवढाच बदल." मी एक बॅग भरली. परत येईन तेव्हा कराडात थंडी पडलेली असणार, म्हणून तिच्यात दोन स्वेटरही टाकले. आता चौथं वर्ष चालू आहे आणि स्वेटर अजून त्या बॅगेतच आहेत.

मी टेलिफोन खात्यातला माणूस. कराडच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तीन मिनिटं झाली की आम्ही मध्येच शिरून विचारायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" लोक घाईघाईने म्हणायचे, "वाढवा." आणि वाढवून दिल्यावर कितीतरी जण काही बोलायचेच नाहीत. दोन्हीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. मला वैताग यायचा, की बोलायचं नाही तर लाइन कशाला अडवता. माझ्या शेजारच्या बोर्डावर माझा मित्र बसायचा. अशा मुक्या कॉलच्या वेळी आम्ही एकमेकांना डोळे मारायचो. पुढे आम्ही घरंही शेजारी-शेजारी बांधली. माझ्या घराची किल्ली त्याच्याकडेच आहे.

मुलगा इथे एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत इंजिनिअर आहे. ते पोटापाण्याचं झालं. त्याचा जीव आहे तो चॅनलमध्ये. इथल्या चार-पाच मराठी मंडळींनी मिळून इंटरनेटवर चालवलेलं चॅनल आहे ते. अल बर्शा भागात एका ऑफिसच्या मागच्या खोलीत हिरवा पडदा लावलाय, तोच स्टुडिओ. तिथून दर शनिवार-रविवारी मुलाखती, पाककृती, हळदीकुंकू कुठे आहे, ढोलताशाचा सराव कुठे आहे, असं सगळं दाखवतात आणि लोक ते घरच्या मोठ्या टीव्हीवर लावून बघतात. मी आल्यावर पंधरा दिवसांत मुलांच्या कार्यक्रमाला गोष्ट सांगणाऱ्या बाई आजारी पडल्या. मुलाने मला धरून खुर्चीत बसवलं. एक्स्चेंजमध्ये माकड शिरलं आणि त्याने साताऱ्याचा कॉल कोल्हापूरला जोडला, अशी एक थाप मी ठोकून दिली. दुसऱ्या दिवसापासून मी आजोबा झालो.

खरा आजोबा म्हणून मला इथे कामच उरलेलं नाही. नातू शिकायला कॅनडात गेला. त्याची खोली मला मिळाली आणि भिंतीवरच्या पोस्टरांतले त्याचे केस वाढवलेले गवय्येही मिळाले. घर जुमेरा लेक टॉवर्समध्ये, एकतिसाव्या मजल्यावर. खिडकी चार बोटं उघडते. त्यापुढे तिला लोखंडी पट्टी मारलेली आहे, माणूस पडू नये म्हणून. मी त्या फटीला नाक लावून उभा राहायचो, तर बाहेरून गरम वाफ यायची. खाली तळं आहे, तेही केलेलं. उन्हाळ्याचे चार-पाच महिने दिवसाउजेडी त्याच्याभोवती फिरता येत नाही. घरातून लिफ्ट, लिफ्टमधून गाडी, गाडीतून स्टुडिओ, असा माझा सगळा प्रवास गार हवेत चालतो.

पहिले तीन महिने संपले तेव्हा मुलगा जेवताना म्हणाला, "बाबा, तुमची मुदत वाढवून घेतली." पुढे त्याने माझा वर्षाचा व्हिसा केला. दर वर्षी तो असाच आमटी वाढून घेता घेता सांगायचा, "बाबा, व्हिसा वाढवलाय." वाढवायचा का, असं त्याने कधी विचारलं नाही. तो वाईट नाही. आपण विचारायला पाहिजे, हे त्याच्या डोक्यातच येत नसे.

चॅनल चालवायचं तर पैसा लागतो. इथे परवानगीशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही, कायदा कडक आहे. म्हणून प्रायोजक शोधायचे. वर्षातून एकदा एका शाळेचा हॉल घेऊन दिवसभराचा मेळावा करायचा, वडापाव-मिसळीचे स्टॉल लावायचे आणि सगळं चॅनलवर थेट दाखवायचं. त्या दिवशी पुढच्या वर्षाचे प्रायोजक जाहीर होतात. मागच्या मेळाव्यात कोणीतरी डोकं चालवलं आणि प्रायोजक कुटुंबांना एक भेट जाहीर केली. एक दिवस आजोबा तुमच्या घरी. मला ते स्टेजवरच कळलं.

मग मी घरोघर जाऊ लागलो. अल बर्शातल्या एका घरी मला सोफ्यावर मधोमध बसवलं आणि दोन्ही बाजूंना मुलं लावली. आई म्हणाली, "आजोबांना नमस्कार करा." मुलगी म्हणाली, "मम्मी, आय ऑलरेडी डिड." फोटो झाले. पुरणपोळी झाली. गृहस्थांनी चिकू चिरून दिले आणि म्हणाले, "घ्या आजोबा, पाव किलो बारा दिरहम, म्हणजे जवळजवळ तीनशे रुपये." तो चिकू माझ्या घशाखाली उतरेना. मला जरा पाय मोकळे करायचे होते, पण त्यांनी मला उठू दिलं नाही, दमाल म्हणाले. निघताना ती बाई माझ्या पाया पडली आणि तिला रडू कोसळलं. तिचे वडील बार्शीला अंथरुणाला खिळलेले होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

एकदा मसाल्याचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांनी मला दिवसभरासाठी नेलं. चॅनलचे सर्वांत मोठे प्रायोजक तेच. डोंगर ओलांडून त्यांनी मला खोर फक्कानला आणलं. त्यांचं बंदरात काम होतं. दुबईचा समुद्र मी पाहिला होता, पण त्याच्या पलीकडे इराण. इथे मात्र समोर मोकळं पाणी होतं. शेठ म्हणाले, "आजोबा, बघा, हे समोर सीधा गेलात की आपली मुंबई. न्हावाशेवाहून माझा माल इथेच उतरतो. खाली कंटेनर परत तिकडे." मी ते रंगीत डबे क्रेनने उचलून जहाजावर चढवताना बराच वेळ बघत राहिलो. रिकामे डबेसुद्धा परत जात होते. त्याच दिवशी मी ठरवलं, की आता पुरे.

मनात ठिणगी पडायला मित्राचा निरोपही कारण होता. इथे मोबाईलच्या ॲपवरून फोन लागत नाही, तसा नियम आहे. साधा फोन लागतो, पण त्याचे दर ऐकून मित्र घाबरतो. म्हणून आम्ही बोललेलं रेकॉर्ड करून एकमेकांना पाठवतो. जन्म टेलिफोनात गेलेल्या दोन माणसांवर ही वेळ आली. त्याच्या निरोपात मागे कावळा ओरडतो, रिक्षा जाते, आमचं फाटक कुरकुरतं. मी ते सगळं परत परत ऐकतो.

तर त्याने सांगितलं, "ऐक. लेक म्हणतेय, दिवाळीनंतर लातूरला चला, एकटे काय करता. मी थाप मारलीय, शेजारी माझा मित्र परत येतोय, मी एकटा नाही. आता तू आला नाहीस तर मी तोंडघशी पडणार. तू आलास की दोघांच्या पोरांची तोंडं बंद. मी तुझ्याकडे बघतो, तू माझ्याकडे बघ. गणपती झाले की ये."

हे मला पटलं. मी गेलो तर दोघंही कराडात राहणार होतो, आणि नाही गेलो तर त्यालाही उचलून नेणार होते. मुलाला घरात सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. एकदा तो म्हणाला, "हो बाबा, बघू, इन्शाल्ला." दुसऱ्यांदा म्हणाला, "आधी मेळावा होऊ दे." म्हणून मी ठरवलं, मेळाव्यातच सांगायचं. चार लोकांसमोर आणि कॅमेऱ्यासमोर बोललो, तर त्याला मागे सरता येणार नाही, असं मला वाटलं. चॅनलवर इतके दिवस काढून मी इतका भाबडा कसा राहिलो, कोण जाणे.

हॉल भरला होता. मी माझी ठरलेली गोष्ट सांगितली, टाळ्या थांबू दिल्या आणि म्हणालो, "आता एक खरं सांगतो. मी तीन महिन्यांसाठी आलो होतो. मला घरी जायचंय. याच महिन्यात जायचंय. तिथे एक माणूस माझी वाट बघतोय."

पुढच्या रांगेतले चेहरे गंभीर झाले. मला वाटलं, पोहोचलं. तेवढ्यात निवेदन करणारी मुलगी माईक घेऊन पुढे झाली. मोठी चलाख पोरगी. म्हणाली, "काय म्हणतायत आपले आजोबा? मंडळी, आपण त्यांना जाऊ देणार का?" सगळा हॉल "नाही" म्हणून गरजला. बाजूच्या पडद्यावर अक्षरं फिरायला लागली, आजोबांना जाऊ देऊ नका. फोन सुरू झाले. शारजातून एका लहान मुलीने फोन केला. म्हणाली, "आजोबा, प्लीज डोन्ट गो, आय विल टॉक ओन्ली मराठी." लोक हसले आणि डोळेही पुसले. एकामागून एक कुटुंबं उठून प्रायोजक म्हणून आपलं नाव सांगू लागली. शेवटी मसाल्याचे शेठ उभे राहिले. "पुढचं पूर्ण साल माझ्याकडे लागलं. स्टुडिओचं भाडंपण. कंडिशन एकच, आजोबा पाहिजेत. खलास."

चॅनलला इतका पैसा आजवर मिळाला नव्हता. मुलगा धावत स्टेजवर आला आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. मला भयंकर राग आला होता. त्याबरोबर रडूही आलं. कॅमेऱ्यात फक्त रडू दिसलं.

गाडीत मुलगा म्हणाला, "बाबा, काय टायमिंग होतं तुमचं. मला आधी सांगायचं ना, आपण प्रोमो केला असता." त्याला वाटलं, मी ते चॅनलसाठी केलं. सूनबाई पुढच्या सीटवर होती. ती एका बँकेत नोकरी करते, चॅनलच्या भानगडीत पडत नाही आणि घरात मोजकं बोलते. तिला माझी अडचण होते, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या खोलीत आली. हातात मोबाईल होता. दार अर्धं लोटून घेऊन म्हणाली, "बाबा, तुमचा व्हिसा या आठवड्यात संपतोय. मला रिन्यूअलचा मेसेज आलाय. वाढवायचा का?"

मी उठून बसलो. ती म्हणाली, "काल तुम्ही बोललात ते मला खरं वाटलं. नको असेल तर नको म्हणा. यांना मी सांगते. भांडण होईल, होऊ दे. तिकीटपण मी बुक करते."

नको, एवढंच म्हणायचं होतं. खोर फक्कानपासून तो शब्द माझ्या तोंडात तयार होता. दाराच्या फटीतून हॉलमधला मुलाचा आवाज येत होता. तो स्टुडिओच्या मालकाशी फोनवर बोलत होता. "अरे भाई, पूरे साल का एग्रीमेंट बनाओ. आजोबा हैं ना, अब क्या टेन्शन." नातू गेल्यापासून या घरात इतका मोकळा आवाज मी ऐकला नव्हता. आई गेल्यावरही तो माझ्यासमोर रडला नव्हता. मला इथे आणल्यावर पंधरा दिवसांतच त्याने मला कॅमेऱ्यासमोर बसवलं होतं.

"वाढवा," मी म्हणालो.

ती तशीच उभी राहिली. मी आणखी काही बोलेन, असं तिला वाटलं असणार. मी बोललो नाही. तीही बोलली नाही. मग तिने मान खाली घालून मोबाईलवर बोट दाबलं आणि दार लावून घेतलं.

मित्राचा निरोप सकाळीच येऊन पडला होता. तो माझा प्रत्येक कार्यक्रम बघतो, मेळावाही त्याने बघितला होता. मी निरोप लावला. "अरे, बघितलं सगळं. लेकीला हो म्हणून टाकलं मी. तू मनाला लावून घेऊ नकोस. फक्त किल्ली कुणाकडे देऊ, तेवढं सांग." मागे फाटक कुरकुरलं आणि निरोप संपला.

त्याला उत्तर द्यायला मी बटण दाबून धरलं. फोनमध्ये माझा नुसता श्वास भरत गेला. तरी मी बटण सोडलं नाही.