पितळी घागरीतले आबा

वडिलांचा शेवटचा फोटो मी स्वतःच्या हातानं पुसला. मुद्दाम नाही, कामाच्या सवयीनं.

सांगलीत आमचं दोन कॉम्प्युटरचं ऑफिस आहे. एका भांडीवाल्याच्या जाहिरातीचं काम आलं होतं. त्याला साध्या घरातला ओटा आणि त्यावर चकाकणारी पितळी घागर हवी होती. घागर कॉम्प्युटरवर बनवायची, ओटा मात्र खरा, म्हणून मी साताऱ्याजवळच्या आमच्या गावी गेलो. घागरीत खरं घर उमटावं यासाठी तिच्या जागी आरशासारखा एक गोळा ठेवून त्याचा फोटो काढतात. गोळ्यात समोरचं सगळं येतं, फोटो काढणारासुद्धा. त्याला नंतर पुसायचं असतं.

आई त्या दिवशी म्हसवडला बहिणीकडे गेली होती. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. फौजेतून निवृत्त झालेले, चारचा चहा चारलाच लागायचा. ते माझ्या मागे दारात येऊन उभे राहिले.

"आत येऊ का रं? च्या टाकतो."

"थांबा आबा जरा. हितलं काय हलवू नका."

"फोटुत मी येत न्हाई न्हवं? बनियनवर हाय."

"न्हाई. तुमी कॅमेऱ्याच्या मागं हाय."

मागं उभा असलेला माणूसच गोळ्यात आधी येतो, हे मला चांगलं माहीत होतं. पण मला त्यांची कटकट नको होती.

पहिला नमुना पाहून भांडीवाला म्हणाला, घागरीवर डाग दिसतोय. डाग म्हणजे आबा. मी मूळ फोटोतून मला आणि त्यांना पुसलं आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. आबा तेव्हा धडधाकट होते, त्यामुळे काहीच वाटलं नाही.

दोन महिन्यांनी ते छातीत कळ येऊन गेले. मोबाइल समोर धरला की उठून जायचे, त्यामुळे भिंतीवर लावायला मिळाला तो फौजेतला, काळ्याभोर मिशांचा फोटो.

"हा तवाचा हाय," आई म्हणाली. "आत्ताचा न्हाई का एखादा?"

मी ऑफिसात येऊन जुन्या फाइली उपसल्या. आमचं चित्र एकदम तयार होत नाही. रंग, सावली, प्रतिबिंब यांचे वेगवेगळे थर काढायचे आणि शेवटी एकावर एक बसवायचे. पहिल्या नमुन्याचा प्रतिबिंबाचा थर डिस्कवर राहून गेला होता. तो एकटा उघडला की घागर दिसतच नाही. सगळा काळोख, आणि चकाकीत उमटलं तेवढंच दिसतं: खिडकी, मांडणीतली ताटं, कॅमेऱ्याशी वाकलेला मी, आणि माझ्या मागे दारात आबा. घागरीच्या पोटामुळे वाकलेले, अंगठ्याएवढे. एक हात चौकटीला, दुखऱ्या गुडघ्याचा पाय सैल सोडलेला. मी खुर्चीत बसून रडलो.

लॅपटॉप घेऊन गावी गेलो. आईनं लगेच ओळखलं. पडद्यावरची धूळ पदरानं पुसून ती बराच वेळ बघत बसली.

"दारात का उभं केलंवतंस त्यास्नी?"

"काम चाललं होतं. आत येऊ नका म्हणालो."

"ऊन खिडकीत आलंय. चार वाजलं असतील." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "नंतर च्या दिलास न्हवं त्यास्नी?"

मी व्हय म्हणालो. त्या दिवशी मी सामान आवरलं आणि अंधाराच्या आत सांगली गाठायची म्हणून गाडीला किक मारली, एवढं आठवतं. चहाचं काही आठवत नाही.